स्वयंसेवकांच्या ओपन सोर्स प्रकल्पाचं मार्केटिंग: आधी तास मोजा, मग तारखा घाला

प्रश्न असा आहे: "आमचा ओपन सोर्स प्रकल्प वर्षाला दोन आवृत्त्या काढतो. मार्केटिंग बघणारे आम्ही सात जण, सगळे नोकरी किंवा शिक्षण सांभाळून. दर वेळी आवृत्ती निघायच्या आदल्या दोन रात्री जागून घोषणा लिहितो आणि मग चार महिने काहीच हालचाल नसते. वर्षभराच्या कामाचं नियोजन कसं करावं, वेळापत्रक कसं आखावं आणि त्यासाठी कुठलं साधन वापरावं?"

साधनाचं शेवटी सांगते, कारण ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. गेली बारा वर्षं मी वेगवेगळ्या स्वयंसेवी सॉफ्टवेअर प्रकल्पांत, जिथे कोड सगळ्यांना खुला असतो, हेच काम करत आले आहे आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी सुरुवात चुकीच्या टोकापासून झालेली पाहिली. लोक आधी कॅलेंडर उघडतात. कोऱ्या कॅलेंडरात सगळंच मावतं. फेब्रुवारीत व्हिडिओ, मार्चमध्ये विकासकांच्या मुलाखती, एप्रिलमध्ये नवं मुखपृष्ठ. तो महिना उजाडला की लक्षात येतं की हे सगळं करणारी माणसं तीच सात आहेत आणि त्यातल्या दोघांच्या परीक्षा चालू आहेत.

म्हणून आधी तास मोजा. प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, सगळ्यांसमोर नको. सगळ्यांसमोर माणूस भिडेपोटी जास्त सांगतो. प्रश्न नेमका असू द्या: "पुढच्या सहा आठवड्यांत आठवड्याला किती तास देता येतील? आणि कुठल्या आठवड्यात अजिबात जमणार नाही?" यातला दुसरा भाग जास्त मोलाचा. परीक्षा, ऑफिसातलं वर्षअखेरचं काम, घरी येणारं बाळ, ठरलेला प्रवास हे लोकांना आधीपासून माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. आलेल्या आकड्यांची बेरीज करा आणि तिच्या निम्मे तास हाती धरा. एका प्रकल्पात आम्ही सात जणांनी मिळून आठवड्याला ३१ तास कबूल केले होते. त्या खेपेला मी प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहून ठेवला. सहा आठवड्यांची सरासरी १३ तासांच्या आसपास भरली. कुणी खोटं बोललं नव्हतं. दिवसभर काम करून संध्याकाळी घरी आलेल्या माणसाचे दोन तास हे रविवारी सकाळी मनात धरलेल्या दोन तासांएवढे कधीच नसतात.

आता दुसरी बाजू, कामांना लागणारे तास. माझ्या नोंदींवरून सांगते, तुमचे आकडे थोडे वेगळे येतील. घोषणेचा लेख, म्हणजे विकासकांकडून माहिती काढणं, लिहिणं आणि दोघांनी तपासणं, दहा तास. स्क्रीनशॉट चार तास. संकेतस्थळावरचं डाउनलोडचं पान आणि मुखपृष्ठ बदलणं तीन तास. पत्रकारांना पाठवायचा मजकूर तीन. सोशल मीडियाच्या पोस्ट तीन. भाषांतरकारांशी समन्वय चार. आवृत्ती निघाल्यावर पहिल्या आठवड्यात येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं देणं दहा, आणि हे काम जवळपास कुणीच यादीत धरत नाही. एकूण ३७. दीड मिनिटाचा नीटनेटका व्हिडिओ, लेखनापासून सबटायटल्सपर्यंत, मला २५ तासांच्या आत कधीच जमलेला नाही. सहा आठवडे गुणिले १३ म्हणजे ७८ तास हातात. त्यातले चतुर्थांश, म्हणजे साधारण २० तास, मी अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी बाजूला काढते. उरले ५८. घोषणेचं सगळं काम ३७, व्हिडिओ २५, बेरीज ६२. म्हणजे व्हिडिओ या खेपेला बसत नाही. हा निर्णय कुणाच्या उत्साहावर पाणी टाकून घ्यावा लागला नाही, आकड्यांनी तो स्वतःच दिला. व्हिडिओ करायची ज्याला मनापासून इच्छा आहे, त्याच्याशी बोलून तो पुढच्या आवृत्तीसाठी आत्ताच सुरू करता येतो.

तास हातात आले की तारखा. इथे माझं ठाम मत आहे: मार्केटिंगचं वेळापत्रक रिलीजच्या तारखेवर टांगू नका, फ्रीझच्या, म्हणजे बदल थांबवण्याच्या, तारखांवर टांगा.

तुमच्या प्रकल्पात ते किती कडक पाळलं जातं मला ठाऊक नाही, पण बहुतेक प्रकल्पांत क्रम असा असतो. आधी फीचर फ्रीझ, म्हणजे यापुढे नवं काही आत येणार नाही. मग यूआय फ्रीझ, म्हणजे पडद्यावर दिसणारं आता हलणार नाही. मग स्ट्रिंग फ्रीझ, म्हणजे मेनूतले, बटणांवरचे आणि संदेशांतले शब्द बदलणार नाहीत, कारण भाषांतरकारांना काम संपवायला वेळ हवा. लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपसारख्या प्रकल्पाने दोन दशकांहून जास्त काळ सहा महिन्यांची लय पाळली आहे, ती या टप्प्यांमुळेच. यातला प्रत्येक टप्पा मार्केटिंगचं एकेक काम मोकळं करतो. फीचर फ्रीझनंतरच "या आवृत्तीत काय आहे" हे लिहिता येतं. यूआय फ्रीझनंतरच स्क्रीनशॉट घेण्यात अर्थ असतो. स्ट्रिंग फ्रीझनंतर लेखातली बटणांची नावं पक्की होतात.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. एका आवृत्तीच्या वेळी आमच्यातल्या एका उत्साही मुलीने पाच आठवडे आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. चौदा चित्रं, प्रत्येकात नमुन्याची फाइल निवडून, खिडकीची रुंदी सारखी ठेवून, एक उजळ थीममध्ये आणि एक गडद. सुंदर काम होतं. यूआय फ्रीझच्या आदल्या दिवशी साइडबारमधली चिन्हं बदलली आणि "सेटिंग्ज"चं बटण डावीकडून उजवीकडे गेलं. चौदापैकी अकरा चित्रं बाद झाली. तिने ती पुन्हा काढली, पण त्यानंतर ती आमच्यात फार दिवस टिकली नाही. चूक तिची नव्हती, वेळापत्रक ठेवणारी मी होते. फ्रीझची तारीख विकासकांच्या पानावर लिहिलेली होती आणि मी ती आमच्या यादीत घेतलेली नव्हती. तेव्हापासून आमच्या यादीत स्क्रीनशॉटचं काम "यूआय फ्रीझ अधिक दोन दिवस" असं लिहिलेलं असतं, महिना-तारीख लिहिलेली नसते.

वेळापत्रक असं सापेक्ष लिहिण्याचा दुसरा फायदा म्हणजे तारीख घसरली तरी ते मोडत नाही. आणि तारखा घसरतात. डेबियन या लिनक्स वितरणाने (वितरण म्हणजे लिनक्स आणि त्यावरची सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणारा प्रकल्प) तर "तयार होईल तेव्हा" हेच धोरण म्हणून स्वीकारलं आहे. उबुंटू हे दुसरं वितरण एप्रिल आणि ऑक्टोबरची लय कसोशीने पाळतं, पण त्यांचीही २००६ सालची एप्रिलची आवृत्ती जूनमध्ये निघाली, म्हणून तिचा क्रमांक ६.०४ ऐवजी ६.०६ आहे. फेडोरा या वितरणात आवृत्ती जाणार की थांबणार हे ठरवायला वेगळी बैठक असते आणि वेळापत्रकात पर्यायी तारखा आधीपासून मांडलेल्या असतात. मला ही पद्धत फार आवडते. लहान प्रकल्पालाही ती परवडते. आवृत्ती निघण्याच्या चार दिवस आधी मेंटेनरशी, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या विकासकाशी, पंधरा मिनिटं बोलायचं: गंभीर बग उरलेत का, जातोय की थांबतोय? "थांबतोय" आलं की सगळी कामं आपोआप एक आठवडा पुढे सरकतात आणि कुणालाही रात्री फोन करावा लागत नाही.

काही कामं मात्र पुढे ढकलता येत नाहीत. परिषदेतला स्टँड, छापील पत्रकं, कुणा पत्रकाराला दिलेला शब्द. छापील गोष्टीवर आवृत्तीची तारीख कधीही घालू नका. पत्रकारांना आगाऊ मजकूर पाठवायचा असेल तर "जाण्याचा" निर्णय झाल्यावरच पाठवा आणि त्यात प्रसिद्धीची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, लिहा. "मंगळवारी सकाळी" याचा अर्थ जगाच्या दोन टोकांना दोन वेगळे दिवस होऊ शकतो.

या सगळ्याच्याही आधी एक बैठक येते, आणि वेळापत्रकात ती नसेल तर बाकीचं सगळं व्यवस्थित होऊनही आवृत्ती अंगावर येऊ शकते. मी तिला संदेशाची बैठक म्हणते. फीचर फ्रीझच्या आसपास, दोन-तीन मुख्य विकासक आणि मार्केटिंगचे दोघे, एक तास. तीन प्रश्न: ही आवृत्ती कोणासाठी आहे? तिचं एक वाक्यात सांगायचं झालं तर काय? आणि कोणी अजून थांबावं?

तिसरा प्रश्न विचारायला लोक कचरतात. तो का विचारायचा हे समजून घ्यायचं असेल तर केडीई या डेस्कटॉपची ४.० आठवा. जानेवारी २००८ मध्ये ती आवृत्ती आली. ती करणाऱ्यांच्या मनात ती नव्या पायाची सुरुवात होती, विकासकांनी आणि हौशी लोकांनी हाताळून पाहावी अशी. रोजच्या वापरासाठी ३.५ होतंच. पण लोकांनी क्रमांक पाहिला, "४.०", आणि ती तयार वस्तू समजून घेतली. काही वितरणांनी ती मुख्य डेस्कटॉप म्हणून दिली. अर्धवट राहिलेल्या गोष्टींवरून जी टीका झाली ती प्रकल्पाला पुढे बराच काळ वागवावी लागली. केडीईतले लोक "हे अजून सगळ्यांसाठी नाही" असं सांगत होते, तरी मोठ्या घोषणेच्या आवाजात ते वाक्य लोकांपर्यंत पोचलंच नाही. म्हणून "कोणी थांबावं" याचं उत्तर मी घोषणेच्या पहिल्या तीन परिच्छेदांत आणते, तळटीपेत टाकत नाही. विकासक सुरुवातीला नाराज होतात. बग ट्रॅकरवर पहिल्या आठवड्यात येणाऱ्या तक्रारींचा सूर बदललेला दिसला की त्यांना ते पटतं.

आता कामांच्या आकाराबद्दल. स्वयंसेवकाला देण्याचं काम एका संध्याकाळी संपणारं हवं. "सोशल मीडिया सांभाळणे" हे काम नाही, ती जबाबदारी आहे, आणि जबाबदारी पाहून लोक मागे सरतात. आमच्या यादीतलं एक कार्ड, म्हणजे एका कामाची नोंद, जसंच्या तसं देते:

"नव्या निर्यात सुविधेवर तीन पोस्ट लिहिणे. प्रत्येकी ३०० अक्षरांच्या आत. एकीत स्क्रीनशॉट (सामायिक फोल्डरमध्ये ७ आणि ८ क्रमांकाची चित्रं), चित्राचं वर्णन लिहिणे. माहितीसाठी रिलीज नोट्समधला निर्यातीचा भाग वाचणे. शंका असल्यास निर्यातीचं काम केलेल्या विकासकाला याच कार्डवर विचारणे. कच्चा मजकूर सामायिक दस्तऐवजात. अंदाजे दीड तास. स्ट्रिंग फ्रीझ अधिक पाच दिवस. करणार: एक. बघणार: दुसरा."

कार्डाची शेवटची नोंद, करणारा आणि बघणारा, हिच्याशिवाय कुठलंही कार्ड यादीत जाऊ देऊ नका. बघणाऱ्याचं काम फक्त चुका काढणं एवढंच नसतं. पहिला गायब झाला तर दुसऱ्याला ते कळतं. स्वयंसेवक गायब होतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. कुणाची नोकरी बदलते, कुणाच्या घरी आजारपण येतं. त्यांना सगळ्यात जड जातं ते "मला जमणार नाही" असं कळवणं, आणि म्हणून ते गप्प राहतात. एका आवृत्तीची घोषणा लिहिणारा असाच आठ दिवस आधी शांत झाला. मसुदा त्याच्या लॅपटॉपवर. आम्ही वाट पाहिली, कारण तो मनापासून काम करणारा होता आणि त्याच्यावर अविश्वास दाखवावासा कुणालाच वाटला नाही. तीन दिवस उरले तेव्हा आम्ही कोऱ्या पानापासून सुरू केलं. नंतर कळलं की त्याचे वडील रुग्णालयात होते आणि नव्वद टक्के लेख लिहून झालेला होता.

त्यातून दोन नियम आले. पहिला, मसुदा पहिल्या ओळीपासून सामायिक जागेत, कितीही कच्चा असला तरी. दुसरा, कार्डावर पाच दिवस काही हालचाल नसेल तर बघणारा एक साधा निरोप पाठवतो आणि दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर कार्ड परत सगळ्यांसाठी खुलं होतं, कुणालाही कारण न विचारता. निरोपाची भाषासुद्धा आम्ही ठरवून ठेवली आहे: "हे कार्ड परत यादीत ठेवते आहे. वेळ मिळाला की पुन्हा घे, दुसरं घेतलंस तरी चालेल." हे वाक्य वाचून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. हाच विचार पासवर्डना लावा. प्रत्येक खात्याची चावी किमान दोघांकडे आणि तीही प्रकल्पाच्या सामायिक पासवर्ड व्यवस्थापकात. एकाच माणसाकडे राहिलेलं खातं हे राहून गेलेलं काम समजा आणि या आठवड्यात ते पुरं करा.

घोषणेचा मजकूर आवृत्तीच्या दहा दिवस आधी गोठवा. त्यानंतर शुद्धलेखन सोडून काहीही बदलायचं नाही. भाषांतरकारही आपल्यासारखेच संध्याकाळी काम करतात. मूळ मजकूर आदल्या रात्री हाती पडला तर ते लिहिणार काय? ज्या भाषांत घोषणा त्याच दिवशी जाते, तिथून नवे वापरणारे आणि पुढे नवे भाषांतरकार येतात.

रिलीजच्या दिवसाचा क्रम कागदावर लिहून ठेवा. गिटमध्ये टॅग (कोडवर आवृत्तीची खूण), बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं), फाइली सर्व्हरवर, मिररवर (प्रती ठेवणाऱ्या इतर सर्व्हरवर) पोचणं, चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा आकडा) तपासणं, डाउनलोडचं पान, मग घोषणा, मग सोशल मीडिया, मग पत्रकार. हा क्रम सोपा वाटतो आणि तरी मोडतो. आमच्याकडे एकदा घोषणेची वेळ यूटीसी १०:०० ठरली होती. फाइली मुख्य सर्व्हरवर ९:४० ला चढल्या, मेंटेनरने "झालं" असं लिहिलं, मी बरोबर दहाला घोषणा सोडली. मिरर मात्र तासातासाने सर्व्हरकडून फाइली घेत होते. पहिला तासभर बहुतेकांना "फाइल सापडली नाही" एवढंच दिसलं आणि घोषणेखालचा पहिला प्रतिसाद तोच होता. आता "झालं" याचा आमच्याकडे एकच अर्थ आहे: तीन वेगवेगळ्या मिररवरून, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या जोडणीवरून, एका माणसाने फाइल उतरवून, चेकसम जुळवून आणि स्थापित करून पाहिली आहे. घोषणेचं बटण त्याच एका माणसाकडे असतं.

मोठ्यांचंही हे झालेलं आहे. १७ जून २००८ रोजी फायरफॉक्स ३ साठी मोझिलाने चोवीस तासांत सर्वाधिक डाउनलोडचा विक्रम करायचं ठरवलं. ८० लाखांहून जास्त डाउनलोड झाले, विक्रम नोंदवला गेला, पण सुरुवातीला गर्दीने त्यांची संकेतस्थळंच बसली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओपनऑफिस.ऑर्ग ३.० निघालं आणि मागणीच्या रेट्याखाली त्यांचंही संकेतस्थळ कोलमडलं. गर्दी आणायचं काम मार्केटिंगचं असेल, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला आधी सांगायचं कामही मार्केटिंगचंच. वेळापत्रकात त्याचं एक कार्ड हवं, दोन आठवडे आधीचं.

वार कुठला? मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवार स्वयंसेवकांना सोयीचा असतो, पण तेव्हा बातम्या लिहिणारे सुट्टीवर असतात आणि काही मोडलं तर दुरुस्त करणारेही सापडत नाहीत. मधला वार घ्यायचा तर दोघांना त्या दिवशी रजा काढावी लागेल. ती रजा महिनाभर आधी मागता यावी, हासुद्धा वेळापत्रकाचा एक उपयोग आहे.

आता तुमचे शांत चार महिने. ते भरून काढायचा हट्ट करू नका, असं मी सांगेन. दर आठवड्याला काहीतरी टाकायचं ठरवून तिसऱ्या आठवड्यात बंद पडण्यापेक्षा महिन्याला एक अहवाल बरा: या महिन्यात काय झालं, कोणी पहिल्यांदा योगदान दिलं, कुठे मदत हवी आहे. चारशे शब्द, तीन तास. केडीईत दर आठवड्याचा वृत्तांत वर्षानुवर्षं चालला आहे, पण त्यामागे तेवढं काम करणारी आणि तेवढं लिहिणारी माणसं आहेत. तुमची लय तुमच्या तासांतून ठरवा. हेच मासिक अहवाल सहा महिन्यांनी घोषणेचा कच्चा माल होतात आणि ते दहा तास सहावर येतात. तुमच्या आदल्या रात्रीच्या जागरणावर माझ्या पाहण्यातला सगळ्यात गुणकारी उपाय हाच.

याखेरीज वर्षात चार-पाच खुंट्या ठोका, ज्यांच्या तारखा तुमच्या हातात नाहीत पण आधीपासून माहीत आहेत. ब्रुसेल्सचं फॉसडेम, म्हणजे ओपन सोर्सची परिषद, साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतं, पण तुमच्या कॅलेंडरात जायला हवी ती स्टँड आणि भाषणांसाठी अर्ज बंद व्हायची तारीख, जी काही महिने आधीच येऊन जाते. परिषदेची तारीख सगळ्यांना पाठ असते आणि अर्जाची तारीख दर वर्षी हुकते. दुसरं उदाहरण विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार संपणार हे वर्षानुवर्षं जाहीर होतं. केडीई आणि इतर समुदायांनी मिळून "एंड ऑफ टेन" मोहीम काढली, त्या तारखेच्या बऱ्याच आधी, म्हणजे लोकांना जुन्या संगणकाचं काय करायचं याचा विचार करायला वेळ मिळाला. तुमच्या क्षेत्रात असं कुठलं व्यापारी उत्पादन बंद होणार आहे, कुठला नियम बदलणार आहे, हे वर्षातून एकदा बसून शोधा.

काही संधी मात्र न सांगता येतात. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटी या गेम इंजिनने स्थापनेगणिक शुल्क आकारायचं जाहीर केलं आणि गोडो या मुक्त इंजिनकडे लोक वळू लागले. असा दिवस तुमच्या वाट्याला आला, तर त्या आठवड्यात हवं असतं "दुसरीकडून येताय? इथून सुरू करा" असं एक पान आणि प्रश्नांना उत्तरं देणारे दोन हात. मी जे २० तास बाजूला काढायला सांगितले ते यासाठी. कुठल्याच कामाला लागले नाहीत, तर ते पान आधीच लिहून ठेवा.

लोकांना बोलावण्याआधी मेंटेनरांचं कॅलेंडरही बघा. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला योगदान देणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या ऑक्टोबरच्या मोहिमेत, टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा (कोडात बदल सुचवणाऱ्या विनंत्यांचा) एवढा पूर आला की आयोजकांना ऐन ऑक्टोबरमध्ये नियम बदलून, ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचंय त्यांनीच नोंद करावी, असं करावं लागलं. नव्या योगदानकर्त्यांसाठीची मोहीम ही मार्केटिंगच्या सोयीने लावायची गोष्ट नाही. आलेल्या माणसाच्या पहिल्या पॅचला, म्हणजे त्याने पाठवलेल्या बदलाला, तीन आठवडे कुणी उत्तर दिलं नाही, तर तो परत येत नाही, आणि दुसऱ्यांदा बोलावलं तरी येत नाही.

मोठी मोहीम काढावी का, असं पुढे कधीतरी तुमच्यात कुणीतरी विचारेल. काढा, पण काही वर्षांतून एकदा, आणि तिचं उद्दिष्ट एका आकड्यात सांगता येईल अशी. २००२ मध्ये ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मोकळा करण्यासाठी १ लाख युरो हवे होते. सात आठवड्यांत ते जमले. लोकांना किती हवंय, कशासाठी आणि मिळाल्यावर काय होणार, हे सगळं एका दमात कळत होतं. फायरफॉक्स १.० च्या वेळी सुमारे दहा हजार जणांनी पैसे दिले आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात आली, देणाऱ्यांच्या नावांसकट. आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ ची, जाहिरात १६ डिसेंबरची. मध्ये पाच आठवडे गेले आणि त्याने काही बिघडलं नाही. मोठं काम आवृत्तीच्या दिवशीच उरकलं पाहिजे असं नसतं. उलट मी मुद्दाम ते महिनाभर नंतर लावते, कारण तोवर पहिली दुरुस्तीची आवृत्ती निघालेली असते आणि माणसांची झोप झालेली असते.

मोजमापाबद्दल थोडक्यात. डाउनलोडच्या आकड्यावर वेळापत्रक ठरवू नका. वितरणांच्या पॅकेजमधून घेणारे त्यात दिसतच नाहीत. मी आवृत्तीनंतरच्या सहा आठवड्यांत पहिल्यांदा योगदान देणारे किती आले ते मोजते, आणि प्रत्येक कार्डाला अंदाजाच्या तुलनेत किती तास लागले ते. दुसरा आकडा पुढच्या खेपेचं वेळापत्रक खरं करतो. आवृत्तीनंतर दोन आठवड्यांच्या आत पाऊण तासाची बैठक घ्या, दोनच विषय: कुठलं कार्ड अडलं आणि कुठलं पुढच्या वेळी टाकून द्यायचं. त्यानंतर उशीर केला तर तपशील कुणाला आठवत नाहीत.

आणि साधन. तुमचे विकासक जिथे बग नोंदवतात तिथेच, "मार्केटिंग" असं लेबल लावून. वेगळं सुंदर साधन आणलं की दोन महिन्यांनी ते फक्त आणणाराच उघडतो. शिवाय विकासकाला कार्डावर प्रश्न विचारायचा तर तो तिथे आधीपासून असतो. सापेक्ष तारखांचा साचा एका साध्या मजकूर फाइलमध्ये, प्रकल्पाच्याच रेपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवायच्या जागेत, ठेवा. आवृत्तीचं वेळापत्रक जाहीर झालं की त्यातून कार्डं तयार करायची. आमचा साचा आज २६ ओळींचा आहे. पहिल्या वर्षी तो ६० ओळींचा होता.

हा साचा राखणारं एक माणूस नेमा, आणि त्याने त्या आवृत्तीत दुसरं कुठलंही मोठं काम घ्यायचं नाही. दर रविवारी अर्धा तास यादी बघायची, अडलेल्यांना निरोप पाठवायचे, फ्रीझची तारीख हलली का ते विकासकांना विचारायचं. दर आवृत्तीला माणूस बदला. तुमच्या सात जणांत पहिली पाळी त्याला द्या जो घोषणा दर वेळी लिहितो, कारण सगळ्यात जास्त थकलेला तोच असणार, आणि या खेपेला लेख दुसऱ्या कुणाला लिहू दे.